वाचक विचारतात : चाळीस गाण्यांत ब्लूज किती?

प्रश्न : नातवाने ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘फॉर्टी लिक्स’ हा दोन सीडींचा संच घरी ठेवला आहे. माझे कान अमीर खाँसाहेबांच्या विलंबितावर घडलेले, तरीही दोन्ही सीडी मी बैठक मारून ऐकल्या. ही मंडळी मूळची ब्लूजची, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची, असे नातू सांगतो. मला तर त्यात ब्लूज फारसा आढळला नाही. दोष माझ्या कानांचा की संचाचा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या कानांचा नक्कीच नाही. या बँडचे नाव ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या ‘रोलिन स्टोन’ या गाण्यावरून घेतलेले आहे आणि १९६२ मध्ये लंडनच्या मार्की क्लबात ही मुले पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा ती अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांचीच गाणी वाजवत होती. विली डिक्सन यांचे ‘लिटल रेड रूस्टर’ हे संथ, अस्सल ब्लूज गाणे त्यांनी १९६४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. ते या संचात नाही. रॉबर्ट जॉन्सन यांचे ‘लव्ह इन व्हेन’ नाही, ‘मिडनाइट रॅम्बलर’ नाही, आणि बँडचे आरंभीचे गिटारवादक ब्रायन जोन्स यांच्या स्लाइड (तारांवर नळी सरकवून वाजवलेल्या) गिटारमुळे मनात घर करणारे ‘नो एक्स्पेक्टेशन्स’ही नाही. २००२ मध्ये, बँडला चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने निघालेल्या या संचात भर आहे तो रेडिओवर गाजलेल्या गाण्यांवर. त्यामुळे ही मंडळी जन्मभर तीन-चार मिनिटांची चटकदार गाणीच करत आली, असा नव्या श्रोत्याचा समज झाला तर त्याला बोल लावता येणार नाही.

तरीही ब्लूज अगदीच हद्दपार झालेला नाही. तो वाद्य लावण्याच्या रीतीत शिल्लक आहे. बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स अनेक गाण्यांसाठी गिटारची सर्वांत जाड तार काढून टाकतात आणि उरलेल्या पाच तारा, आपल्या भाषेत सांगायचे तर, सा-प-सा-ग-प अशा लावतात. अशी लावणी ही ब्लूज वादकांची जुनी युक्ती आहे. तारा मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण स्वरसंगती वाजते, आणि एका बोटाच्या हालचालीने तिचा रंग पालटतो. दुसऱ्या सीडीतील ‘स्टार्ट मी अप’ आणि ‘ब्राउन शुगर’ यांची सुरुवात या दृष्टीने पुन्हा ऐकावी. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला त्या मोकळ्या तारांची रेंगाळणारी आस लगेच जाणवेल.

पहिल्या सीडीवरचे ‘गिमी शेल्टर’ही एकदा हेडफोन लावून ऐकावे, असे सुचवतो. गाणे तीन मिनिटांवर येते त्या सुमारास साथीच्या गायिका मेरी क्लेटन यांचा आवाज वरच्या स्वरावर अक्षरशः फाटतो, आणि पाठोपाठ बँडचे मुख्य गायक मिक जॅगर यांच्या तोंडून निघालेली दाद पुसटशी ऐकू येते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली ती उत्स्फूर्त दाद कोणी पुसून टाकली नाही, हे केवढे भाग्य!

मूळ ब्लूजच ऐकायचा असेल, तर नातवाकडून ‘बेगर्स बँक्वेट’ (१९६८) आणि ‘लेट इट ब्लीड’ (१९६९) हे अल्बम मागून घ्यावेत. २०१६ चा ‘ब्लू अँड लोन्सम’ तर सबंध दुसऱ्यांच्या ब्लूज गाण्यांचाच आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या जॅगर यांची माउथ ऑर्गनवरची फुंक त्यात अजिबात थकलेली वाटत नाही.

प्रश्न : याच बँडचे ‘हॉट रॉक्स’, ‘जंप बॅक’, ‘फॉर्टी लिक्स’ असे कितीतरी संग्रह आहेत. एकच पुरला नसता का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पुरला असता, पण हक्क आडवे आले. १९७० पर्यंतच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या ‘ॲबको’ या कंपनीकडे गेले, तर १९७१ पासून बँडने स्वतःचे लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढले. त्यामुळे ‘हॉट रॉक्स’ १९७१ पाशी थांबतो आणि १९९३ चा ‘जंप बॅक’ १९७१ पासून सुरू होतो. श्रोत्याने दोन्हींचे पैसे मोजायचे. ‘फॉर्टी लिक्स’साठी दोन्ही बाजू एकत्र आल्या आणि ‘सॅटिस्फॅक्शन’ व ‘मिस यू’ पहिल्यांदाच बँडच्या एका संग्रहात आले. माझ्या मते या संचाचे खरे महत्त्व एवढेच आहे. मात्र त्यातले ‘मिस यू’ कापलेले आहे: मूळ अल्बमवर ते जवळजवळ पाच मिनिटांचे आहे, इथे साडेतीन मिनिटांत उरकले आहे. २०१२ च्या ‘गर्र’मध्ये पुन्हा दोन्ही काळ आले, २०१९ चा ‘हाँक’ मात्र पुन्हा १९७१ नंतरचाच.

प्रश्न : जुन्या गाण्यांत चार नवी गाणी का घातली? आणि या संचाच्या वेळी बँड भारतात आला होता, हे खरे का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : ज्यांच्याकडे बाकीची छत्तीस गाणी आधीच आहेत त्यांनीही संच विकत घ्यावा, म्हणून, या धंद्यात ही जुनीच युक्ती आहे. चारांपैकी ‘डोन्ट स्टॉप’ ठीकठाक आहे, ‘कीज टू युअर लव्ह’ आणि ‘स्टीलिंग माय हार्ट’ नसती तरी काही बिघडले नसते. शेवटचे ‘लूझिंग माय टच’ मात्र रिचर्ड्स आपल्या खरखरीत, जवळजवळ बोलल्यासारख्या आवाजात गातात, आणि रामबागेच्या वाचकांना हवा असलेला ब्लूजचा दाणा नव्या गाण्यांपैकी याच एका गाण्यात आहे. भारतभेटीचे म्हणाल तर ते खरे आहे: एप्रिल २००३ मध्ये आधी बंगळूरला आणि ७ तारखेला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचे कार्यक्रम झाले.