पांडवलेणीचा विहार: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की नाशिकच्या पांडवलेणीबद्दलची पत्रं वाढतात आणि त्यातला घोळही दरवर्षी तोच असतो. म्हणून काही प्रश्न एकत्रच घेतो.

ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, हे खरं का?

नाही; हा बौद्ध भिक्खूंचा विहार आहे आणि तो शतकानुशतकं कोरला जात होता.

गावाबाहेर डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंचा खर्च कसा चालायचा?

दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने त्याचा हिशेबच कोरून ठेवलाय. त्याने जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १,००० वर पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४० आणि वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रांसाठी) मिळायचे प्रत्येकी १२. गुणून बघा, पैचा फरक नाही.

राज्य बदललं तेव्हा विहार बंद पडला का?

नाही. नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याची नाणीसुद्धा आपला छाप मारून पुन्हा चालवली. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. भिक्खूंना मात्र त्याने उषवदाताकडचं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलं. पुढे इथे बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या आणि अकराव्या लेण्यात जैन मूर्तीही आल्या.

अक्षरं नीट दिसत नाहीत. खडू भरून फोटो काढला तर चालेल का?

अजिबात नाही! तिसऱ्या लेण्यात मी एका मुलाला खडूने 'क' गिरवताना पाहिलं. इथले लेख ब्राह्मी लिपीत आहेत आणि ब्राह्मी 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. त्याच्या डोक्यावर उजवीकडे बारीक रेघ गेली की झाला 'का', डावीकडे गेली की 'के'. खडूची रेघ जरा सरकली की चुकीच्या अक्षराचा फोटो मोबाइलवर फिरतो आणि महिन्याभरात मला 'नवीन वाचन' येतं. मग कोणीतरी खडू काढायला काथ्याने घासतो आणि दगडाबरोबर अक्षरही झिजतं.

काय जाईल ते समजून घ्या. त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा राज्याच्या २४ व्या वर्षाचा आदेश आहे: आधी १८ व्या वर्षी दिलेल्या शेताचं गाव ओस पडलंय, शेत कोणी कसत नाही, म्हणून नगराच्या हद्दीतली १०० निवर्तनं राजाची जमीन भिक्खूंना द्या. राजाचं दान कागदावरच राहिलं आणि सहा वर्षांनी ते दुरुस्त करावं लागलं, ही गोष्ट एवढ्या ओळींमुळे आपल्याला कळते. तेल, पीठ, कुंकू यातलं काहीही लावू नका. बॅटरी बाजूने तिरपी धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. ठसा घ्यायचा असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

डोंगराजवळ प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो, १०० मीटर सोडले की परवानगी लागत नाही.

साफ खोटं. संरक्षित हद्दीपासून पहिले १०० मीटर बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. तिथे परवानगी लागतेच. मोजणीही एजंटच्या पावलांनी होत नाही. गट नंबर आणि नकाशा घेऊन आधी पुरातत्त्व खात्यात जा, मग वकिलाकडे. तोवर बयाणा देऊ नका.