काम मी करते आणि प्रमोशन दुसऱ्याला मिळतं

डोंबिवलीची मुलगी, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरने ऐरोलीला ऑफिसला जाणारी, सहा वर्षं एकाच टीममध्ये, माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली, समोर बसल्या बसल्या म्हणाली की मॅडम, काम मी करते आणि प्रमोशन दुसऱ्याला मिळतं, आता सकाळी लोकलमध्येच पोटात गोळा येतो. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये.)

मी विचारलं, मॅनेजरना सांगितलंयस का तुला सिनियर व्हायचंय ते? "त्यांना दिसत नाही का?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

आपलं काम नीट करावं, स्वतःचे गोडवे गाऊ नयेत हे आपल्याकडे घरीच शिकवतात, आणि मला ते आवडतंही. पण बऱ्याच आयटी कंपन्यांत प्रमोशन एकटा मॅनेजर ठरवत नाही, चार-पाच मॅनेजर बसतात, प्रत्येक जण आपलं नाव पुढे करतो, जागा मोजक्या, आणि तिथे आपण नसतो. मॅनेजरकडे ठोस काही नसेल तर तो "खूप मेहनती आहे" एवढंच बोलणार.

मग वही काढली. आधी म्हणे सांगण्यासारखं काही नाही, खोदून विचारल्यावर निघालं की दर महिनाअखेरीला रात्री बंद पडणारा पेमेंटचा जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, हिने मुळापासून दुरुस्त केलाय, परत पडलाच नाही, आणि जिरावर (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) लिहिलंय काय तर 'फिक्स्ड'. बस्स!

पण एक गोष्ट तिला लागली तरी मी बोलले. भराभर तिकिटं, म्हणजे जिरावरची नोंदवलेली कामं, बंद केली म्हणून कोणी सिनियर होत नाही, सॉफ्टवेअर कसं बांधायचं याचं डिझाइन सगळ्यांसमोर मांडावं लागतं, दुसऱ्या टीमशी बोलून अडकलेलं काम सोडवावं लागतं, आणि नेमकं तेच ती टाळत होती कारण मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची भीती. शाळा मराठी माध्यमाची. हे तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं, खरं दुखणं तिथे होतं.

मग मीटिंगमध्ये बोलायची तीन इंग्रजी वाक्यं आम्ही पाठ नाही केली, रोज मोठ्याने बोलून बघितली. अप्रेझल मार्च-एप्रिलचं, तोवर नावं ठरलेली असतात, म्हणून ती ऑक्टोबरातच मॅनेजरकडे गेली आणि विचारलं, माझ्यात काय कमी पडतंय? ते म्हणाले पुढचं डिझाइन तू मांड. मांडलं, आवाज थरथरत होता म्हणे.

त्या एप्रिलला नाही झालं. पुढच्या वर्षी झालं, पण लोकलमधला पोटातला गोळा त्याच्या कितीतरी आधी गेला होता.