कुत्रीला पाळी येत नाही, ती माजावर येते

प्राण्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न आहे. त्या नोंदवहीत 'कुत्री माजावर आहे', म्हणजे तिचा समागमाचा आणि गर्भधारणेचा काळ सुरू आहे, असे लिहितात. सहकाऱ्यांना मात्र हा शब्द गावंढळ आणि काहीसा अशिष्ट वाटतो, म्हणून त्याऐवजी 'पाळी सुरू आहे' असे लिहावे, असा त्यांचा आग्रह आहे. शस्त्रक्रियेच्या रकान्यात 'नसबंदी' लिहावे की 'निर्बीजीकरण', हेही त्यांना विचारायचे आहे.

कुत्रीची 'पाळी' हा प्रयोग मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता तो ऐकताच कपाळावर आठी उमटते. शिष्टाचाराच्या नावाखाली येथे चक्क चुकीची माहिती नोंदली जाते. स्त्रीच्या शरीरात गर्भधारणा झाली नाही, म्हणजे गर्भाशयाचे आतले अस्तर गळून पडते आणि रक्तस्राव होतो. तो एका चक्राचा शेवट असतो. कुत्रीचा रक्तस्राव चक्राच्या आरंभी होतो, कारण संप्रेरकांमुळे गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि शरीर समागमाची तयारी करत असते. हा पूर्वकाळ साधारण नऊ दिवस टिकतो, स्राव फिकट होत जातो, आणि त्यानंतरच्या जवळपास तितक्याच दिवसांत ती नराला जवळ येऊ देते. 'पाळी' म्हणणारा मालक नेमका याच वेळी 'संपली एकदाची' म्हणून निर्धास्त होतो आणि कुत्रीला मोकळी सोडतो. पुढे ती गाभण राहिली की दोष कुंपणाला आणि शेजारच्या कुत्र्याला दिला जातो, वास्तविक तो शब्दाकडे जातो.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. बहुतेक कुत्र्यांत दोन माजांमध्ये सहा-सात महिन्यांचे अंतर असते. 'महिन्याभरातच पुन्हा पाळी आली' असे मालक दूरध्वनीवर सांगतो, तेव्हा स्वागतकक्षातील व्यक्तीच्या डोक्यातही मासिक पाळीच असेल, तर तिला त्यात वावगे काही वाटणार नाही आणि ती सवडीची वेळ देऊन मोकळी होईल. वस्तुतः माज ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत गर्भाशयात पू साठण्याचा आजार उद्भवतो. त्यात कधी असाच स्राव दिसतो, कुत्री मलूल होते, पाणी फार पिते, आणि उपचार लांबले तर जीव जातो. 'मागील माजाचा दिनांक' हा रकाना त्यासाठीच असतो.

आता शब्दाकडे वळतो, कारण 'माज' अशिष्ट आहे हे ऐकून घेण्याची माझी तयारी नाही. मुळात संस्कृत 'मद्' हा धातू आहे. धुंद होणे, उन्मत्त होणे हा त्याचा अर्थ. त्याचे वर्तमानकाळी रूप 'माद्यति', प्राकृतात 'मज्जइ' आणि मराठीत 'माजणे'. संस्कृतातील 'द्य' मराठीत 'ज' होऊन उतरतो, हा नियम इतका चोख आहे की त्यावर डोळे मिटून चालावे: अद्य–आज, विद्युत्–वीज, खाद्य–खाजे, उत्पद्यते–उपजणे, निष्पद्यते–निपजणे. त्याच धातूच्या 'मत्त' या भूतकाळवाचक रूपापासून 'मातणे' आले, जसे सप्तपासून सात आणि भक्तपासून भात. म्हणजे 'उतू नका, मातू नका' या व्रतकथेतल्या ताकिदीतले मातणे आणि गोठ्यातल्या गाईचे माजणे ही सख्खी भावंडे आहेत. रान माजते, गोंधळ माजतो, पैशाने माणूस माजतो. या सर्वांत आवरता न येणारी वाढ हा समान धागा आहे, आणि गाईच्या बाबतीत तो निंदेचा मुळीच नाही. ('माजघर' यातला माज मात्र निराळा. तो 'मध्य'पासून आला आहे, त्याला उगाच या कुटुंबात ओढू नये.)

खरी गंमत पुढे आहे. फारसीतला 'मस्त' हा शब्द आणि संस्कृतातला 'मत्त' हा शब्द एकच आहेत. धातूच्या शेवटच्या दंत्य व्यंजनापुढे 'त' आला, की संस्कृतात त्यांचे 'त्त' किंवा 'द्ध' होते, तर इराणी शाखेत 'स्त' होते. 'बद्ध' आणि 'बंदोबस्त'मधला 'बस्त' ही जोडी याच नियमाने बनली आहे. हा 'मस्त' फारसीतून हिंदुस्थानीत आणि हिंदुस्थानीतून इंग्रजीत गेला, आणि आज जगभरातील पशुवैद्य नर हत्तीच्या उन्मत्त अवस्थेला 'मस्थ' याच शब्दाने ओळखतात. त्या अवस्थेत हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामधील ग्रंथीतून स्राव पाझरतो, टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि माहूतही जपून वागतो. संस्कृत कवींनी या स्रावाला 'मद' म्हटले. म्हणजे ज्या धातूतून आलेला शब्द आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकाने सन्मानाने स्वीकारला, त्याच धातूचा आपल्या घरातला वारस दवाखान्याच्या नोंदवहीत लिहायला आपल्याला लाज वाटते.

'मज्जा वाढली म्हणून माज' अशी एक व्युत्पत्ती काही मंडळी मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. ध्वनिदृष्ट्या ती अडत नाही एवढेच तिच्या बाजूने म्हणता येते. मज्जा हे हाडातील द्रव्याचे नाव आहे. त्यापासून 'माजणे' हे क्रियापद कसे निघाले आणि त्याच अर्थाचे 'मातणे' त्याच्या शेजारी येऊन कसे बसले, याचे उत्तर या मंडळींनी आधी द्यावे आणि मग व्युत्पत्ती सांगावी.

दुसरा पक्ष 'ऋतुकाल' सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांचा आहे. जुन्या वैद्यकात ऋतुकाल म्हणजे गर्भधारणेस योग्य काळ, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण आजच्या मराठीत 'ऋतुस्राव' म्हणजे पाळीच, त्यामुळे ज्या खड्ड्यातून बाहेर यायचे त्याच खड्ड्यात हा शब्द पुन्हा ढकलतो. इंग्रजी शब्द वापरून सुटका करून घेऊ पाहणाऱ्यांनी माजासाठीच्या 'इस्ट्रस' या इंग्रजी शब्दाचे मूळही पाहून घ्यावे. ग्रीक 'ओइस्त्रोस' म्हणजे गुरांना डसून बेभान पळवणारी गोमाशी! ग्रीक पुराणकथेत देवी हेराने कालवड झालेल्या इओ या तरुणीच्या मागे जी माशी लावली, तीच ही. पुढे त्या शब्दाला 'वेड, आवेग' हा अर्थ आला, आणि ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर हीप यांनी १९०० साली सस्तन प्राण्यांच्या प्रजननचक्रातील टप्प्यांची जी नावे बसवली, ती सर्व याच शब्दाभोवती रचली. या हीप यांनीही पूर्वकाळातील रक्तस्राव आणि स्त्रियांची पाळी यांना एकच मानले होते. तो समज शास्त्राने केव्हाच टाकून दिला, स्वागतकक्षांनी अजून टाकलेला नाही. एकूण, ग्रीकांनी उन्मादाचे कारण माशीत शोधले आणि आपण उन्मादालाच नाव दिले; यांत अधिक सभ्य कोण, ते सहकाऱ्यांनी ठरवावे.

गोपालकांनी या शब्दाभोवती जी परिभाषा उभी केली आहे, तिच्या नेमकेपणाला कोशकारांनीही हात जोडावेत. गाय माजावर आल्याची बाह्य लक्षणे दिसत नाहीत, तेव्हा तो 'मुका माज'. योनीतून येणारा काचेसारखा चिकट स्राव म्हणजे 'सोट' किंवा 'बळस'. गाईचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते आणि माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे (गाईच्या गर्भाशयात वीर्य सोडावे), असा प्रघात आहे. दूरध्वनी घेणाऱ्याने 'माज कधी दिसला' याची तारीखच नव्हे, तर वेळही लिहून घ्यावी. रेतनानंतर गर्भ न राहता गाय पुन्हा माजावर आली, तर ती 'उलटली' असे म्हणतात. शहरात वाढलेला कर्मचारी 'गाय उलटली' हे ऐकून 'उलट्या होत आहेत' अशी नोंद करण्याचा संभव आहे आणि गाय सहसा ओकत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मांजरीचा प्रकार आणखी वेगळा आहे. तिला रक्तस्राव दिसत नाही. ती लोळते, आर्त ओरडते, मागचा भाग उंच करते, आणि मालक 'मणक्याला काही झाले आहे' म्हणून घाबरून दूरध्वनी करतो. अशा वेळी वय आणि निर्बीजीकरण झाले आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

निर्बीजीकरणावरून आठवले, प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच होता. 'नसबंदी' लिहू नये. तिच्यात फक्त वाहिनी बंद होते, ग्रंथी जागेवर राहतात आणि संप्रेरकेही स्रवत राहतात. अशी शस्त्रक्रिया झालेला नर पूर्वीसारखाच माद्यांच्या मागे फिरेल. दवाखान्यात सामान्यतः नराचे वृषण काढतात. मादीची अंडाशये काढतात, बहुधा गर्भाशयासह. बीजाचे स्थानच गेले, म्हणून 'निर्बीजीकरण' हाच शब्द योग्य होय. 'खच्ची करणे' हा बैलांच्या बाबतीत रुळलेला शब्द आहे, तो तेथेच राहू द्यावा. आणि जे लोक कुत्र्याचे 'निर्जंतुकीकरण' करून मागतात, त्यांना ते शस्त्रक्रियेच्या उपकरणांचे करतात, एवढे नम्रपणे सांगावे. शस्त्रक्रियेची तारीख देताना कुत्री माजावर आहे का, हे मात्र विचारावेच लागते, कारण त्या काळात रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि बरेच पशुवैद्य शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात. हा प्रश्न 'पाळी' शब्दाने विचारला, तर रक्त थांबलेल्या पण अजून पूर्ण माजावर असलेल्या कुत्रीचा मालक प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देईल.