जो स्ट्रमर कुठून ऐकायला घ्यावा?
अरे, स्ट्रमर म्हणजे द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा गायक-गिटारिस्ट; तो ऐकायचा म्हणून थेट क्लॅशचा 'सँडिनिस्टा!' हा अल्बम लावू नकोस. तीन एलपी, ३६ गाणी, दमशील. आधी १९७७चा द क्लॅशचा पहिला अल्बम, मग १९७९चा 'लंडन कॉलिंग'. त्यात रेगे, स्का, रॉकाबिली असे वेगवेगळे संगीतप्रकार एकाच बँडच्या हाती कसं मुरलंय ते नीट कान देऊन ऐक. मला अजून नवीन काहीतरी सापडतं. क्लॅशचाच 'कट द क्रॅप' सध्या राहू दे. १९८९चा एकट्याचा 'अर्थक्वेक वेदर'ही घाईचा नाही. त्यापेक्षा त्याच्या नंतरच्या बँडसोबतचा, मेस्कालेरोजसोबतचा, 'स्ट्रीटकोर' घे. डिसेंबर २००२मध्ये तो गेला, अल्बम २००३मध्ये आला. त्यातलं 'रिडेम्प्शन साँग' मात्र रात्री, हेडफोनवर. क्लॅशच्या आधीचा त्याचा बँड वन-ओ-वनर्स? गोडी लागलीच तर बघ.