पेपरमिंटच्या हजार बॅगा आणि कार्डावरचे ९० हजार

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय, खासगी शाळेत शिकवतात, हातात ४२,००० येतात. ॲसिडिटीमुळे चहा सोडला आणि आता रोज दोन कप पेपरमिंट टी घेतात. २५ बॅगांचा बॉक्स २०० ला, म्हणजे बॅग ८ रुपयांना पडते, आणि होलसेलवाला १,००० बॅगा ४,५०० ला देतोय, तर घेऊ का? शेवटी जाता जाता लिहिलंय, "पैसे कार्डानेच देईन. क्रेडिट कार्डावर ९०,००० चं देणं आहे पण मिनिमम ४,५०० मी न चुकता भरते. १,२०,००० ची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय, बँकेतल्या मॅडम मात्र ती मोडून गॅरंटीड प्लॅन घ्या म्हणतात."

ताई, बॅगांचं आधी सांगते. साडेतीन रुपये वाचतात, महिन्याला ६० बॅगा, म्हणजे २१० रुपये. पण हजार बॅगा संपायला सोळा महिने लागतील, मध्ये अख्खा पावसाळा आहे आणि होलसेलच्या बॅगा बऱ्याचदा सुट्ट्या येतात, पॅक फोडलं की वास उडायला लागतो. आणि पेपरमिंटमुळे काहींची ॲसिडिटी उलट वाढते, अन्ननलिकेच्या खालची झडप त्याने सैल पडते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हजार नकोच. शंभर बॅगांचं पॅक घ्या, रोख.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. "न चुकता भरते" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण तुम्ही मनापासून शिस्त पाळताय आणि ती शिस्त तुम्हालाच महाग पडतेय. मिनिमम भरल्याने लेट फी वाचते आणि सिबिलवर डाग पडत नाही, बस. व्याज चालूच राहतं. बहुतेक कार्डांना महिन्याला साडेतीन टक्के धरा, ९०,००० वर झाले ३,१५०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७०० च्या आसपास. तुमच्या ४,५०० मधले जेमतेम ८०० मुद्दलात जातात. आणि मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणजे या बॅगा कार्डावर घेतल्या तर त्यांचंच महिन्याला १८५ रुपये व्याज, वाचणार होते २१०!

आणि एफडी? ७ टक्क्यांनी महिन्याला ७०० देते. ७०० मिळवायला ३,७०० देताय, महिन्याला ३,००० चा खड्डा. एफडी अडीअडचणीसाठी ठेवलीय ना, मग हीच ती अडचण आहे ताई. मोडा. दंडापोटी साधारण हजार-बाराशे जातील, ते पंधरा दिवसांत भरून निघतात. ९०,००० कार्डाला एकरकमी भरा, उरलेले ३० हजार सेव्हिंगला राहू द्या, आणि आज जे ४,५०० मिनिमम जातंय तेच दर महिन्याला आरडीत टाका, वीस महिन्यांत एफडी परत उभी राहील.

त्या गॅरंटीड प्लॅनबद्दल मात्र मला राग येतो. कार्डावर चाळीस टक्क्यांचं कर्ज असलेल्या बाईला दहा-बारा वर्षं पैसे अडकवणारी पॉलिसी विकायची, जिचा हिशोब मांडला तर पाच-सहा टक्के निघतात आणि मधेच सोडली तर भरलेलेही पूर्ण परत येत नाहीत! एफडी मोडायला जाल तेव्हा मॅडम तो फॉर्म परत पुढे करतील, सही करू नका, विचार करून सांगते असंही म्हणू नका, सरळ नको म्हणा.

आणि एक, पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटला थोडं व्याज दिसेल, ते मधल्या दिवसांचं असतं, घाबरू नका, तेही पूर्ण भरा. तोपर्यंत कार्ड पर्समधून काढून कपाटात ठेवा.