२० दिवसांच्या लेकराच्या मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ कशामुळं होते?

ताई, तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालं असं मनात आणू नका. मेंदूतून रक्त माघारी नेणाऱ्या शिरेत गुठळी होते, तान्ह्या लेकरात अंगातलं पाणी कमी होणं, इन्फेक्शन, अवघड बाळंतपण ही कारणं असतात. आपल्या परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पत्र्याच्या घरात लेकरू दूध ओढत नाही, लंगोट सुकाच राहतो, टाळू खोल जाते, तवा वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. अन् या गाठीमुळं लेकराला झटका (फिट) येऊ शकतो, पण झटका म्हणजे दरवेळी हातपाय झाडणं नसतं, नुसते ओठ चोखल्यासारखे हलतात, नजर एकीकडंच राहते. एमआरआयमध्ये शिरा दिसतात, त्यात गाठ आहे का ते कळतं. हेपरिनचं, म्हणजे गाठ वाढू न देणारं, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिलं तर साधारण ६ आठवडे ते ३ महिने चालतं, घाबरून मधीच बंद करू नका.