शनिवारचा पाऊस बुधवारी कुठे जातो?

या खेपेला वाचकांचे बहुतेक प्रश्न हवामानाचेच आलेत, म्हणून आज बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न: आमचं गाव छोटंसं. सोमवारी मोबाईलवर आठवड्याचं हवामान बघितलं तर शनिवारी पाऊस दाखवत होता, बुधवारी बघितलं तर शनिवार कोरडा ठणठणीत, आणि शुक्रवारी परत ढगाचं चित्र! हे लोक मनानेच टाकतात का?

उत्तर: मनाने नाही टाकत हो. अंदाज एकदा काढून आठवडाभर ठेवून देत नाहीत, मोठी केंद्रं दिवसातून दोन ते चार वेळा सगळं गणित पहिल्यापासून मांडतात, सॅटेलाइट, विमानं, फुगे यांची ताजी मोजमापं घालून. आणि सुरुवातीचा आकडा चिमूटभर हलला की पाचव्या-सहाव्या दिवसाचं चित्र पार बदलतं. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर हवामानाचं एक छोटं मॉडेल, म्हणजे गणितात मांडलेलं हवामान, चालवत होते, तेच गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ च्या जागी नुसतं ०.५०६ टाकलं, म्हटलं एवढ्याशाने काय होतंय, तर थोडं पुढे गेल्यावर दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही! तुमचा शनिवार सोमवारपासून पाच दिवस लांब होता, त्यामुळे तो हलणारच. मी स्वतः पहिले तीन दिवस नीट वाचते, चौथ्या-पाचव्याला फक्त कल बघते, म्हणजे ऊन वाढतंय का, ढग येतायत का एवढंच, आणि सातव्या दिवसावर विसंबून गाद्या उन्हात टाकत नाही (एकदा टाकल्या होत्या, भिजल्या). तरी पूर्वीपेक्षा परिस्थिती खूप बरी आहे, साधारण दर दहा वर्षांत भरवशाचा एकेक दिवस वाढत आलाय.

प्रश्न: ४०% पाऊस म्हणजे ४०% गावात पडणार, की दिवसातला ४०% वेळ पडणार?

उत्तर: दोन्ही नाही. तुम्ही उभे आहात त्या जागी, त्या दिवसात, मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता दहात चार, एवढाच अर्थ. हा आकडा येतो कसा ते बघा, तेच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा चालवतात, युरोपच्या केंद्रात तर असं ५० वेळा करतात, त्यातल्या २० वेळा पाऊस निघाला की झाले ४०% (ॲपवाले वर आपली थोडी सारवासारव करतात ती वेगळी). आता गंमत अशी की हा आकडा पाऊस किती पडेल हे सांगतच नाही. ९०% असून नुसती भुरभुर होऊ शकते आणि २०% असून धो धो कोसळू शकतो. म्हणून टक्क्यांच्या शेजारचे मिलिमीटरही बघत जा, १ मिमी म्हणजे एक चौरस मीटर जागेत एक लिटर पाणी. आणि ४०% ला पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं म्हणू नका, दहातले सहा दिवस तो पडणार नव्हताच ना!

प्रश्न: वेशीच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, असं का? अंदाजात तर सगळीकडे एकच चित्र असतं.

उत्तर: वादळी ढग कधीकधी दोन-चार किलोमीटरचाच असतो, आणि जगभराचं मॉडेल जमिनीचे साधारण ६ ते १३ किलोमीटरचे चौकोन पाडून चालतं. तुमचं अख्खं गाव आणि शेजारची दोन गावं एकाच चौकोनात, मग चित्र वेगळं येणार कुठून? बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं म्हणतात तो पाऊस मॉडेलच्या चाळणीतून सरळ खाली गळतो. डोंगर किंवा मोठा तलाव जवळ असेल तर फरक आणखी वाढतो.

प्रश्न: अंदाजात ३८ अंश आणि गाडीच्या मीटरवर ४३. खरं कोण?

उत्तर: दोघंही. हवामानखात्याचा थर्मामीटर जमिनीपासून दीडेक मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. तुमची गाडी तापलेल्या डांबरावर. असंच पहाटेचं, किमान तापमान मध्यरात्री येतं असं वाटतं, पण निरभ्र रात्री जमीन सूर्य उगवेपर्यंत थंडच होत जाते, म्हणून सगळ्यात जास्त थंडी उजाडतानाच वाजते.

प्रश्न: वीज किती लांब पडली हे कसं ओळखायचं?

उत्तर: लखलखाट दिसला की सेकंद मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा, तीनने भागा, आले किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, झाडाखाली नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, आभाळ मोकळं दिसलं तरी.